अकरा किल्ल्या आणि सोळा गाणी

माणिकराव कंडक्टरांना बसून लिहिता येत नसे, आणि गप्प राहून तर मुळीच येत नसे. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. बीड आगाराच्या गाड्यांमध्ये त्यांनी तीस वर्षं उभ्याने काढली होती. एक हात वरच्या दांड्याला, दुसरा तिकिटांच्या पेटीवर आणि तोंड अखंड चालू. अशा माणसाला खुर्चीत बसवून हातात पेन दिलं की त्याला डुलकी लागणार, दुसरं काय होणार? निवृत्तीनंतर शिरूर कासारला घरी आले तेव्हा नोकरीची एकच वस्तू त्यांनी जवळ ठेवली, तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. गाण्याची ओळ सुचू लागली की उभ्याने येरझाऱ्या घालत ते चिमट्याची टिकटिक करत. ओळ जमली की समोर जे काही असेल, दार, भिंत, पत्र्याची पेटी, त्यावर दोनदा ठोकत. डबल बेल झाली की गाडी पुढच्या ओळीला सुटे.

ही खोड आतापर्यंत कुणाला नडली नव्हती. नडली ती गेल्या जयंतीपासून. त्या जयंतीला डीजेचा ट्रक आला होता आणि त्याच्या दणक्याने माणिकरावांच्या कपाटातले दोन कप फुटले. रागाच्या भरात ते स्टेजवर चढले, माईक हातात घेतला आणि सगळ्या वस्तीसमोर सांगून बसले, की आपल्याकडे पूर्वी जयंतीला जलसा व्हायचा, लोक गाण्यातून शहाणे व्हायचे. पुढच्या चौदा एप्रिलला मी तुम्हाला गाण्याचं नाटक देतो, सोळा गाण्यांचं. सोळा हा आकडा कुठून आला ते त्यांनाही माहीत नव्हतं. तोंडातून गेला तो गेला. जयंती मंडळाचा अध्यक्ष प्रवीण मोठा हुशार पोरगा. त्याने तिथल्या तिथे माईक घेऊन जाहीर केलं, की मार्चअखेर नाटक तयार दिसलं तर नाटक, नाहीतर डीजे. टाळ्या दोन्हींना सारख्याच पडल्या, हे माणिकरावांना फार लागलं.

विषय ऊसतोडीचा, शब्द माणिकरावांचे आणि चाली उत्तरेश्वरच्या, हे ठरलेलंच होतं. उत्तरेश्वरचं मोटर भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीत नवी तार भरता भरता तो देवळातल्या भजनाला पेटी वाजवी. दोघांची दोस्ती वीस वर्षांची, आणि भांडणही तितकंच जुनं. माणिकराव म्हणत आधी शब्द, मग चाल. उत्तरेश्वर म्हणे आधी चाल, शब्द काय, भाजीवाल्याकडेही असतात. म्हणजे या दोघांना लागणारी जागा साधी नव्हती. तिथे एकाला येरझाऱ्या घालता आल्या पाहिजेत, दुसऱ्याला पेटी वाजवता आली पाहिजे आणि दोघांना मिळून पोटभर भांडता आलं पाहिजे.

घरी चतुराबाईंनी, म्हणजे माणिकरावांच्या मंडळींनी, पाच दिवस सोसलं. सहाव्या दिवशी त्यांनी पेटी उचलून अंगणात ठेवली आणि तिच्या जागी गव्हाचं पोतं टेकवलं. दुकानात बसावं तर गिऱ्हाईक मोटर घेऊन दारात उभं, आणि ज्याच्या विहिरीवरची मोटर जळाली आहे त्याच्यापुढे गाणं म्हणायला मोठी छाती लागते. विहारात जागा प्रशस्त होती, पण मंडळाच्या पाच सभासदांनी रोज संध्याकाळी येऊन दिवसभराच्या ओळी तपासायचं ठरवलं. तपासणारा कधी नुसता तपासून गप्प बसत नाही. प्रत्येकाने आपापली एकेक ओळ घातली, आणि चार ओळींचं कडवं नऊ ओळींचं होऊन दम लागल्यासारखं चालू लागलं. माणिकरावांनी वही मिटली आणि पाचही जणांना जय भीम घालून बाहेर पडले.

मग उत्तरेश्वरला अभ्यासिका आठवली. आमच्या भागात आता दर चार दुकानांआड एक अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची, तलाठ्याची, कसलीकसली परीक्षा देणारी पोरंपोरी तिथे प्लायवूडच्या कप्प्यांत दिवसदिवस माना घालून बसतात. ज्या अभ्यासिकेत हे दोघे गेले ती त्रिंबकची. त्रिंबक स्वतः सात वर्षं परीक्षा देऊन थकला होता आणि आता दुसऱ्यांकडून तपश्चर्या करून घेत होता. भिंतीवर पाटी होती: कुजबुज केल्यास बाहेर. त्याने विचारलं, कसली तयारी? माणिकराव खरं तेच बोलले, की चौदा एप्रिलला आमची परीक्षा आहे आणि पास झालो नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. या वयात अशी जिद्द बघून त्रिंबकला गहिवरून आलं. त्याने दोघांना शेजारशेजारचे कप्पे दिले, पंख्याखालचे.

गाण्याचं नाटक लिहायला दोन माणसं शांततेच्या घरात जाऊन बसली, याहून मोठा शहाणपणा शिरूर तालुक्याने अलीकडे पाहिलेला नाही. पण जिद्द होती खरी. उत्तरेश्वरने पुठ्ठ्यावर पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढून आणल्या आणि तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बोटांनी मुकाट वाजवू लागला. माणिकराव तोंड मिटून, ओठांच्या आतल्या आत ओळी म्हणू लागले. भांडण चिठ्ठ्यांवर चाले. प्लायवूडवरून चिठ्ठी जाई, "ओळ लांब आहे." उलटून येई, "चाल आखूड आहे." एकदा नुसतीच आली, "गाढवा." शेजारची पोरं बघत, की ही म्हातारी माणसं किती मन लावून नोट्सची देवाणघेवाण करतात. त्या पोरांपैकी दोघांनी तर त्यांचा आदर्शच ठेवला.

आठ दिवसांत पहिलं गाणं तयार झालं. दोघे विजयी मुद्रेने चहाच्या टपरीवर गेले आणि प्रथमच ते मोठ्याने म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा कळलं, की आठ दिवस दोघे दोन वेगळी गाणी करत होते. माणिकरावांच्या डोक्यात चालता चार मात्रांचा ठेका होता, उत्तरेश्वरच्या पुठ्ठ्यावर सहा मात्रांचा दादरा. एक जण ओळीच्या शेवटी पोचला तेव्हा दुसरा अजून मध्येच होता. टपरीवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि चहात साखर जास्त टाकली.

तरीही ते दुसऱ्या दिवशी परत गेले, कारण दुसरी जागाच नव्हती. त्या दिवशी माणिकरावांना एक ओळ अशी जमली की त्यांचं भान गेलं. ते उभे राहिले आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी समोरच्या प्लायवूडवर दोनदा ठोकलं. सगळी रांग एकाच प्लायवूडची होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हादरली, कुणाच्या पाण्याची बाटली पडली, कुणाचा गणिताचा आकडा चुकला. त्रिंबकने दोघांना दाराबाहेर नेलं आणि पुठ्ठ्याची पेटी मात्र आदराने हातात दिली. तो म्हणाला की तुमची परीक्षा कोणतीही असो, ती इथे पास होणार नाही.

माणिकराव घरी आले ते तोंड पाडून. नोव्हेंबर सरत आला होता, सोळांपैकी गाणं एकही नव्हतं. त्यांनी चतुराबाईंना सांगितलं, की प्रवीणला जाऊन सांगतो, बोलव तुझा डीजे. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला, ते चतुराबाईंच्या लक्षात आलं. तीस वर्षांत नवऱ्याच्या घशाचे सगळे आवाज त्यांनी ऐकले होते, हा नव्हता ऐकला. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं.

त्या खुंटीला अकरा किल्ल्या होत्या. दिवाळी झाली की गल्लीतली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेरडं, पोरं चढतात, दाराला कुलूप लागतं आणि जाता जाता किल्ली कंडक्टरकडे येते. ज्याने तीस वर्षं सुट्ट्या पैशांचा घोळ केला नाही त्याच्याकडे घर ठेवायला हरकत नाही, असा हिशेब. माणिकराव आठवड्यातून एकदा सगळी कुलपं ओढून पाहून येत आणि तोडीवर फोन करून सांगत, की कुलूप ठीक आहे.

"अकरा घरं खुंटीला टांगली हायती," चतुराबाई म्हणाल्या, "अन तुमी गावभर जागा हुडकत फिरताव."

माणिकराव चिडले. कुणी विश्वासाने दिलेली किल्ली म्हणजे काय मालकी? बंद घर उघडून आत पेटी वाजवायची, ही कुठली रीत? दोन दिवस ते असंच बोलत राहिले, पण आतून विचार पक्का होत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या घरच्या सुभद्राबाईंना फोन लावला. सुभद्राबाई, त्यांचा नवरा मोहनराव आणि बारावी झालेली लेक करिष्मा, तिघं तिकडे कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर होती. माणिकरावांनी फार लांबून सुरुवात केली. जयंतीपासून, जलशापासून, फुटलेल्या कपांपासून. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून विचारलं, की घरात बसून गाणीच म्हणणार ना? मग त्यात एवढं पुसायचं काय? रिकाम्या घरात उंदरं नाचतात, त्यापेक्षा तुम्ही बरे.

पण त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, देवळीतल्या देवापुढे रोज तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे. माणिकरावांची इथे अडचण झाली. त्यांच्या घरात छप्पन सालापासून बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळल्या जात होत्या, आणि ते आतबाहेर एक ठेवणारे गृहस्थ होते. दिवा उत्तरेश्वर लावेल, असं त्यांनी सांगितलं. तो ज्या दिवशी नसेल त्या दिवशी मी लावीन, पण हात जोडणार नाही.

"दिव्याला तुमच्या हातांचं काय करायचंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "घरात उजेड दिसला म्हंजी झालं."

दुसरी अट करिष्माची. दिवसभरात जे झालं असेल ते संध्याकाळी फोनवर ऐकवायचं. तळावर करमणूक म्हणून काही नसतं, आणि नाटक ऊसतोडीवरचं आहे म्हणता तर आम्हाला कळू तरी द्या आम्ही कसे आहोत ते. माणिकरावांना हे फारच आवडलं. लेखकाला ऐकणारे मिळाले की तो अटीला अट म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांच्या बाराबाय-दहाच्या खोलीत पेटी आली. काय सुख होतं ते! दार लावून घ्यावं, येरझाऱ्या घालाव्या, ओरडावं, एकमेकांच्या सात पिढ्या काढाव्या, आणि डबल बेलला पत्र्याचं दार. शेजारची घरंही कुलूपबंद, त्यामुळे तक्रार करणारं कुणी नाही. चार दिवसांत दोन गाणी झाली, दोन्ही एकाच ठेक्यात.

पहिल्या ऐकवणुकीला माणिकरावांनी स्वच्छ सदरा घातला होता, फोनवर दिसत नसूनही. गाणं उसाच्या फडातलं होतं. ऊस वाऱ्यावर डोलतो, कोयता गाणं गातो, बांगड्या साथ करतात, असा त्याचा थाट. तिकडे दहाबारा जण फोनभोवती जमले होते. गाणं संपलं. फोन कट झाला की काय, असं उत्तरेश्वरला वाटलं.

"कंडक्टर भाऊ," शेवटी सुभद्राबाईंचा आवाज आला, "कोयता गात न्हाई. कोयत्यानं हात भरून येत्यात."

मग करिष्माने समजावून सांगितलं, की फडात कुणी गाणी म्हणत नाही. उसाचं सुकं पान, पाचट, तोंडाला कापतं, तोंड बांधून घ्यावं लागतं, बोलायलासुद्धा दम नसतो. गाणं सुचतं ते मोळ्या भरून झाल्यावर, गाडीवर बसलं की, आणि तेव्हा झोप येते. मागून एक म्हातारा बोलला, की बांगड्या आमच्या बायका पिशवीत ठेवतात. माणिकरावांनी थंडपणे आभार मानून फोन ठेवला. मग दोन दिवस त्यांनी कुणाला फोन केला नाही. तीस वर्षं त्यांनी लोकांची तिकिटं तपासली होती. आपलं तिकीट कुणी तपासलं की कसं वाटतं ते आता कळत होतं, आणि ते मुळीच बरं वाटत नव्हतं. उत्तरेश्वर मात्र खूश होता. त्याच्या चालीला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फडातली दोन्ही गाणी माणिकरावांनी खोडली. वहीत नव्हती त्याही गाण्यांचे विचार खोडले. रागारागाने येरझाऱ्या घालत असताना त्यांची नजर आतल्या बाजूने दारावर गेली. एवढी वर्षं ते ही कुलपं बाहेरून ओढून पाहत आले होते. आतून पाहायची वेळ कधी आली नव्हती. दाराच्या मागे करिष्माची शाळेची पिशवी तशीच अडकवलेली होती. त्या दिवशी चिमटा बराच वेळ टिकटिकत राहिला आणि संध्याकाळी फोनवर नवं गाणं गेलं.

कुलपा रं कुलपा, दार माझं राख,
सहा महिन्यांनी येते, मला मार हाक.

 मग मोहनराव, जे कधी फोनवर बोलत नसत, म्हणाले की पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तळावरचे लोकच म्हणू लागले. माणिकरावांनी तोंड दाराकडे फिरवलं, म्हणजे उत्तरेश्वरने डोळे पुसले ते आपल्याला दिसलं असं व्हायला नको.

त्यानंतर गाडी पळाली. संक्रांतीपर्यंत सात गाणी, फेब्रुवारीअखेर तेरा. तळावरचे लोक रोज संध्याकाळी निकाल देत. मुकादमाचं गाणं त्यांनी हसून हसून चारदा म्हणायला लावलं. एका प्रेमगीताला सगळ्या बायकांनी मिळून नापास केलं. उत्तरेश्वरने दिव्यात तेल घालण्याचं काम इतकं नेमाने केलं की त्याच्या बायकोने विचारलं, आपल्या घरच्या देवाने काय पाप केलंय?

यंदा ऊस कमी होता आणि कारखाना लवकर बंद पडला. मार्चचा मध्य होता. पंधरा गाणी झाली होती, सोळावं, शेवटचं, अडलं होतं आणि त्यावरून आत खोलीत भांडण जुंपलं होतं. उत्तरेश्वरचं म्हणणं, नाटकाचा शेवट नाचण्याजोगा हवा. माणिकरावांचं म्हणणं, नाटकातली बाई तोडीवरून परत येऊन कुलूप उघडते आणि कुलपालाच सांगते, की पुढच्या दिवाळीला तुझं काम नाही. अर्धं कडवं झालं, पेटी वाजली, पुन्हा अडलं, पुन्हा वाजली. तास झाला असेल. माणिकराव पाणी प्यायला दार उघडून बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले.

अंगणात बोचक्यांवर मोहनराव, सुभद्राबाई आणि करिष्मा बसली होती. ट्रॅक्टर केव्हाच निघून गेला होता. स्वतःच्या घराबाहेर, उन्हात, तिघं मुकाट बसून होती. मोहनराव एकदा दार वाजवायला उठले होते, पण सुभद्राबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं होतं, की थांबा, कडवं होऊ द्या.

माणिकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून किल्ली काढून दोन्ही हातांनी पुढे केली आणि उत्तरेश्वरला ओरडून सांगितलं, की पेटी उचल बे. करिष्माने किल्ली घेतलीच नाही. म्हणाली, "कावून उठताव काका? आमाला अंगणातच राहायची सवय लागलीया. तुमी उरलेलं करा."

आणि खरोखर तसंच झालं. पुढचे दहा दिवस अंगणात चूल, कपडे, पाहुणे. आत पेटी आणि भांडण. भाकरी थापता थापता सुभद्राबाई बाहेरून ओळी दुरुस्त करत. शेवटचं गाणं माणिकरावांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. लिहून झाल्यावर उत्तरेश्वरने ते एकदा वाजवलं, पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाला, "लिहिलंस बरं. पण कुलूपच लागलं न्हाई तर पुढल्या साली आपुन बसायचं कुठं, हे ध्येनात हाय का?"

माणिकरावांच्या हे ध्यानात आलेलं नव्हतं. त्यांनी गाण्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि दारावर दोनदा ठोकलं.

मार्चअखेर प्रवीणने नाटक पाहिलं आणि स्वतःहून डीजेवाल्याला नको म्हणून कळवलं. चौदा एप्रिलला विहारासमोरचं मैदान भरलं. बाईचं काम माणिकरावांची सून आम्रपाली करत होती, गळा चांगला होता. पण कुलपाचं गाणं सुरू झालं आणि घोटाळा झाला. गाणं फोनवरून एका तळावर गेलं होतं, तिथून चार तळांवर, आणि चारी तळ आता समोर बसले होते. आम्रपाली पहिली ओळ म्हणते न म्हणते तोच मैदानाने दुसरी उचलली, आणि ती माणिकरावांची नव्हतीच.

कुलपा रं कुलपा, दार माझं राख,
काळी पडून आले तरी वळख माझी राख.

माणिकराव विंगेत उभे होते. आधी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. माझी ओळ कुणी बदलली? समोर करिष्मा सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती, म्हणजे कुणी ते कळलंच. मग त्यांनी ओळ स्वतःशी एकदा म्हणून पाहिली. आपली ओळ त्यापुढे फिकी होती, हे त्यांना मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना वाईट वाटलं नाही याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. त्यांनी विंगेच्या बांबूवर दोनदा ठोकलं. मैदानाने गाणं तीनदा म्हटलं. त्यामुळे नाटक पाऊण तास लांबलं आणि प्रवीणला अध्यक्षीय भाषण करताच आलं नाही.

पुन्हा दिवाळी आली. नाटकाने ऊसतोड थांबत नसते. ट्रॅक्टर आले, घरं चढली, किल्ल्या आल्या. मोहनराव आणि सुभद्राबाई निरोप घ्यायला आले तेव्हा माणिकरावांनी सवयीने हात पुढे केला. सुभद्राबाई म्हणाल्या, की यंदा किल्ली नाही. करिष्मा मागे राहतेय, पोलीस भरतीचा अभ्यास करायचाय तिला. जेवायला चतुराबाईंकडे, हे त्या दोघींचं परस्पर ठरलं होतं. खुंटीला दहा किल्ल्या लागल्या. माणिकरावांनी त्या दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा त्यांना बरं वाटलं.

बाकीच्या दहांपैकी एखादं घर मागता आलं असतं. पण दुसऱ्या नाटकाची वही घेऊन त्यांचे पाय समोरच्याच दाराशी गेले. दार सताड उघडं होतं. आत करिष्मा पुस्तकांत मान घालून बसली होती. तिने वर पाहिलं आणि सांगितलं, की काका, या ना, कोपरा तुमचाच आहे. फक्त सहा वाजेपर्यंत आवाज चालायचा नाही.

माणिकराव कोपऱ्यात बसले. चक्क बसले. चिमटा त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला. उत्तरेश्वर आला, त्याने खोलीतली शांतता पाहिली, घरी परत गेला आणि माळ्यावरून पुठ्ठ्याची पेटी काढून घेऊन आला.